आपलीच गाडी रात्री उचलून आणली, तर ती चोरी ठरते का?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९७३ सालची फियाट आहे. २०१९च्या पुरात सांगलीच्या गावभागात आमच्या अंगणात पाणी आलं, तेव्हा गाडी निम्म्या दारापर्यंत बुडाली होती. तेव्हापासून ड्रायव्हरच्या बाजूचं कुलूप जड झालं आणि यंदा ते पार अडकलं. दार आतूनही उघडेना, बाहेरूनही. ‘कुलूप खोलून साफ करा, बदलू नका, चावी तीच राहू दे’ असं बजावून गाडी गॅरेजला दिली. हजार-दीड हजारात होईल, असं तोंडी ठरलं. पुढच्या आठवड्यात गेलो, तर कुलपाला ड्रिल मारलेलं, हँडल तुटलेलं, दाराच्या कडेला पोचा काढून रंग मारलेला आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीचं कुलूप बसवलेलं. जुनं कुलूप ‘भंगारात गेलं’. बिल १४,८०० रुपये. ते दिल्याशिवाय गाडी मिळणार नाही, वर रोजचे २०० रुपये पार्किंग. शिवाय म्हणतात, ‘आरसी तुमच्या वडिलांच्या नावावर, ते तर वारले, तुम्ही कोण?’ इंजिनची दुसरी चावी माझ्याकडे आहे. गॅरेजला रात्री कुलूप नसतं. गाडी माझीच आहे, घेऊन आलो तर काय होईल?

उत्तर : आधी शेवटच्या वाक्याचं बघू, कारण बाकी सगळं निस्तरता येईल, ते नाही.

रात्री जाऊन गाडी आणू नका. स्वतःच्याच वस्तूची चोरी होऊ शकते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कायद्यात हे उदाहरणासकट लिहिलेलं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये घड्याळाचं उदाहरण होतं. आता तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आलं आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलं, मजुरी देणं बाकी आहे आणि घड्याळजीने त्या पैशांपोटी ते कायदेशीरपणे ठेवून घेतलं आहे. अशा वेळी त्याचं तारण बुडवण्याच्या हेतूने मालकाने घड्याळ काढून नेलं, तर ती चोरी. मजुरीचं काहीच देणं नसताना मालकाने दुकानात शिरून ते हिसकावून घेतलं, तर चोरी नाही, पण बेकायदा घुसखोरी आणि हल्ल्याचा गुन्हा होऊ शकतो. म्हणजे तुमचा सगळा प्रश्न येऊन थांबतो तो एकाच जागी : गॅरेजवाल्याला गाडी अडवायचा हक्क आहे का? याचा निवाडा तुम्ही रात्री बारा वाजता गॅरेजच्या फाटकाशी उभं राहून करू नये. आज तक्रारदार तुम्ही आहात. उद्या सकाळी आरोपी व्हाल, आणि त्याच्या बिलाचं पुढे कुणी नावही काढणार नाही.

आता त्याचा हक्क. करार कायदा, १८७२, कलम १७०. ज्याच्याकडे वस्तू कामासाठी सोपवली, त्याने सांगितल्याप्रमाणे कसब किंवा मेहनत लावून काम केलं असेल, तर वाजवी मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू त्याला ठेवून घेता येते. यातला ‘सांगितल्याप्रमाणे’ हा भाग तुमच्या बाजूचा आहे. काम होतं कुलूप खोलून साफ करण्याचं. ते झालंच नाही. पोचा पडला तो त्यांच्या हातून, आणि तो काढून रंग मारल्याचे पैसे मागतात तुमच्याकडे! हा हिशेब मला कुठल्याच न्यायालयात टिकेलसा वाटत नाही. पार्किंगचंही तसंच. गाडी अडवून त्यांनीच ठेवली आहे. भाड्याचं आधी काही ठरलं नसेल, तर कलम १७० त्यांना जागाभाड्यासाठी गाडी अडवू देत नाही. ते हक्क देतं कसबाच्या मजुरीपुरताच.

पण त्यांचा वकील पहिलं वाक्य काय बोलेल, तेही ऐकून ठेवा : ‘पुरात बुडालेलं कुलूप होतं, दुसरा इलाजच नव्हता.’ हे अगदीच खोटं नाही. दाराच्या आत काचेच्या फटीतून पाणी उतरतं, ते बाहेर जायला दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. पुराचा गाळ त्यात बसला की दर पावसाळ्यात पाणी आत साचून राहतं, आणि लॅच, दांडी, स्प्रिंग सगळं गंजून एकजीव होतं. मात्र म्हणूनच जाणता मिस्त्री आधी गंज सोडवणारं ऑइल मारून वाट बघतो, दुसऱ्या बाजूच्या दाराने आत शिरून आतलं पॅनल जपून काढतो, दांडीची क्लिप निसटली आहे का ते पाहतो. ड्रिल हा शेवटचा उपाय, आणि तोही मालकाला फोन करून. करार कायद्याचंच कलम १५१ म्हणतं, शहाण्या माणसाने तेवढ्याच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतली असती, तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यावी. वस्तू त्यांच्या ताब्यात असताना बिघडली, तर काळजी घेतली होती हे दाखवायची जबाबदारीही त्यांचीच.

म्हणून खरा पुरावा आहे ते जुनं कुलूप, आणि तेच भंगारात गेलं म्हणतात. ते मागा. आजच, व्हॉट्सअ‍ॅपवर, साध्या भाषेत : ‘काढलेले जुने कुलूप, हँडल व सर्व सुटे भाग जपून ठेवावेत व गाडीसोबत परत द्यावेत.’ उत्तर आलं नाही तरी चालेल, मेसेज तारखेसह राहतो. गाडी देण्याआधीचे फोटो नक्की निघतील. जुन्या फियाटचे फोटो कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये असतातच.

माझा सल्ला हा, आणि तो तुम्हाला आवडणार नाही : पैसे भरा, पण हरकत राखून. आधी घासाघीस करा, पार्किंग आणि रंगकाम वगळायला सांगा. ऐकलं नाही, तर ऑनलाइन किंवा चेकनेच द्या, रोख नको. त्याच दिवशी लेखी कळवा की रक्कम मान्य नाही, केवळ गाडी सोडवण्यासाठी हरकत राखून दिली आहे. पक्कं बिल घ्या. गाडी हलवण्यापूर्वी तिथेच दाराचा व्हिडिओ काढा. मग दुसऱ्या गॅरेजकडून दार मूळ स्थितीत आणण्याचं लेखी अंदाजपत्रक घ्या. तुमच्या नुकसानीचा आकडा त्यातूनच उभा राहतो. १४,८०० रुपयांसाठी फियाट महिनोन् महिने त्यांच्या अंगणात उन्हापावसात उभी ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. पैसे भरूनही गाडी दिली नाही, तर मात्र पोलिसांत जा. तेव्हा ‘ही दिवाणी बाब आहे’ असं म्हणून तुम्हाला परत पाठवणं त्यांना जड जाईल.

त्यानंतर तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही सेवेतली त्रुटी आहे, मुदत घटनेपासून दोन वर्षं. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी नोटीस देणं सक्तीचं नाही, तरी स्पीड पोस्टाने द्या. निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. पैसे भरायचेच नसतील, तर तक्रारीसोबतच गाडी परत मिळण्यासाठी अंतरिम आदेशाचा अर्ज करता येईल, पण त्याला वेळ लागेल हे धरून चाला. एक गोष्ट मला खरी सांगा : गाडी कधी वरातीला भाड्याने दिली आहे का? ओळखीत नुसती दिली असेल तर हरकत नाही. पैसे घेत असाल, तर ‘व्यापारी हेतू आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हा मुद्दा समोरून येणारच.

‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. गाडी दुरुस्तीला तुमच्याकडून घेतली, तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता. ज्याच्या हातून वस्तू घेतली, त्याला ती द्यायचा अधिकारच नव्हता असं ठेवून घेणाऱ्याला नंतर म्हणता येत नाही. काम तुम्ही सांगितलं, पैसे द्यायचं तुम्ही कबूल केलं, म्हणून ग्राहकही तुम्हीच.

तरी आरसीचं दुखणं खरं आहे, आणि ते गॅरेजने नाही, तुम्ही ओढवून घेतलं आहे. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाने नाव लावून घ्यायचा अर्ज करायचा, असा नियम आहे. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. उशिराचा दंड भरून हे अजूनही होतं. विम्याकडेही त्याच वेळी बघा. नोंदणीला पन्नास वर्षं झाली असल्याने २०२१च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणीही मिळू शकेल. त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिन मूळचं हवं, एका कुलपाने ती अडणार नाही. मात्र तशी नोंदणी घेतली की गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सहकुटुंब औदुंबरला जायचा बेत असेल, तर साधी नोंदणीच चालू ठेवा, आणि बहीणभावांच्या सह्या गाडी गॅरेजमधून सुटण्याची वाट न बघता आत्ताच घ्या.