बॉलकडे नाही, रेफरीच्या हाताकडे

प्रिय पोरी,

गुडघा बरा होईपर्यंत बास्केटबॉलच्या स्कोअरिंगला बस असं सरांनी सांगितलं आणि तू हिरमुसलीस, हे मेसेजवरूनच कळलं. "नुसते आकडे मांडत बसायचं" असं तू लिहिलंस. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

जेम्स नेस्मिथनं १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हा खेळ सुरू केला, तेव्हा त्याच्या तेरा नियमांत बास्केट मोजायचं काम रेफरीकडेच होतं. पहिला सामना १-० असा संपला, त्यामुळे ते निभावलं. आता चाळीस मिनिटांत दोन्ही बाजूंचे मिळून शंभर-सव्वाशे गुण, शिवाय फाउल, टाइमआउट, बदली खेळाडू, आणि हे सगळं एका माणसाच्या पेनातून कागदावर उतरतं. आपल्या जिल्ह्याच्या किंवा आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना रिप्ले नसतो. स्कोअरबोर्डवरचा आकडा आणि स्कोअरशीटवरचा आकडा यांत फरक पडला आणि तो कशानेच सुटला नाही, तर नियम शीट धरतो. म्हणजे तुझं अक्षर.

तू खेळाडू आहेस, त्यामुळे तुझी नजर बॉलमागे धावणार. ती सवय आधी मोड. शॉट सुटला की रिंगकडे एक नजर आणि लगेच रेफरीच्या हाताकडे. तीन गुणांच्या प्रयत्नाला तो एक हात वर करून तीन बोटं दाखवतो, बास्केट झाली की दुसराही हात वर जातो. पाय तीन गुणांच्या रेषेवर होता असं तुला अगदी स्पष्ट दिसलं असेल, तरी त्यानं तीन दिले तर तीनच लिहायचे. आपल्या कॉलेजच्या मुलीनं रेषेबाहेरून मारला अशी तुझी खात्री असेल आणि त्यानं दोन दाखवले, तर दोन. हे दुसरं जास्त जड जातं. पण ज्या दिवशी स्कोअरर स्वतःला दिसलं ते लिहायला लागतो, त्या दिवशी मैदानावर एक रेफरी जास्त होतो, आणि त्याच्यावर कुणाचाच विश्वास नसतो.

नोंद कशी करायची ते एकदा नीट बघ. समज, संघ ३१ वर आहे आणि ७ नंबरनं तिनाची बास्केट केली. रनिंग स्कोअरमध्ये, म्हणजे शीटवर चढत्या क्रमानं छापलेल्या आकड्यांच्या रकान्यात, ३४ वर तिरपी रेघ, शेजारच्या रिकाम्या चौकटीत ७, आणि त्या ७ भोवती गोल. पुढे तिलाच फ्री थ्रो मिळाला आणि तो बास्केटमध्ये गेला, तर ३५ वर रेघ मारायची नाही, भरीव ठिपका द्यायचा आणि शेजारी पुन्हा ७. एखादीनं चुकून स्वतःच्याच बास्केटमध्ये बॉल टाकला, तर ते गुण समोरच्या संघाच्या मैदानावरच्या कॅप्टनच्या नावावर जातात. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा टेबलावर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. तू बघत बसू नकोस.

पेनं दोन रंगांची हवीत. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल, दुसरा आणि चौथा निळा किंवा काळा. जादा वेळ पडला तरी गडद रंगच. सांघिक फाउल प्रत्येक क्वार्टरला नव्यानं मोजतात. कुणी येऊन "हा फाउल मागच्या क्वार्टरचा" म्हणालं, तर रंगच उत्तर देतो.

फाउलच्या वेळी पुन्हा हातच वाचायचा. २४ नंबर असेल तर रेफरी आधी हाताची मागची बाजू तुझ्याकडे करून दोन बोटं दाखवतो, मग तळवा समोर करून चार. घाई झाली की नवखा स्कोअरर ४२ लिहून बसतो आणि दोन मुलींचा हिशोब बिघडतो. नंबर लिहिताना मोठ्यानं बोल: "पांढरा चोवीस, पर्सनल, दोन फ्री थ्रो." शेजारच्या असिस्टंट स्कोअररनं तेच परत म्हणायचं. पाचवा फाउल झाला तर लगेच रेफरीला कळव. सामन्याआधी कोचच्या यादीतले नंबर प्रत्यक्ष जर्सीशी ताडून बघ, कोचची सही घे. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

चूक लक्षात आली तर खेळ चालू असताना हॉर्न मारायचा नाही. बॉल डेड होऊन, म्हणजे खेळ थांबून, घड्याळ थांबेपर्यंत थांब, मग रेफरीला बोलव आणि सरळ सांग. कोच टेबलावर येऊन ओरडतीलच, "आमचे दोन राहिले!" त्यांना एवढंच म्हण, "डेड बॉलला रेफरींना विचारते, सर." वाद घालू नकोस, शीट त्यांच्या हातात देऊ नकोस. आणि आपल्या मुली कितीही सुंदर खेळल्या तरी टाळी नाही. मैत्रिणी रुसतील. रुसू देत.

सह्यांना हलक्यात घेऊ नकोस. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची अंतिम लढत शेवटच्या तीन सेकंदांवरून चिघळली. टाइमआउट मागितला होता की नाही, हॉर्न कधी वाजला, घड्याळ कुठे लावायचं, या टेबलाजवळच्या गोंधळात ते तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले. सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला, अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं आजवर घेतलेली नाहीत, आणि ब्राझीलचे रेफरी रेनातो रिघेत्तो यांनी स्कोअरशीटवर सही करायलाच नकार दिला. म्हणून सामना संपला की पळू नकोस. शेवटच्या आकड्याखाली दोन ठळक रेघा मार, उरलेले आकडे तिरप्या रेघेनं खोड, प्रत्येकीचे गुण आणि संघाची बेरीज जुळवून घे. आधी टेबलावरच्या सगळ्यांच्या सह्या, मग मैदानावरचे पंच, मुख्य रेफरी सगळ्यांत शेवटी. त्याची सही झाली की कागद बंद.

चार प्रतींचं पॅड मिळालं तर गुलाबी प्रत जिंकलेल्या संघाला आणि पिवळी हरलेल्या संघाला द्यायची. पिवळी सगळ्यांत खाली असते, तिच्यावर ठसा फिका उमटतो. चाळीस गुणांनी हरलेल्या एखाद्या तालुक्याच्या संघातल्या मुलीचा आयुष्यातला पहिला फ्री थ्रो त्याच कागदावर असतो, आणि तो तिला वाचता आलाच पाहिजे. तेव्हा जेल पेन घेऊ नकोस, साधं बॉलपेन घे आणि दाबून लिही.

शनिवारी संध्याकाळी मैदानावर ये. मुलांचा सराव सामना आहे. मी कोऱ्या शीट आणतो, लाल पेन तू आण.

तुझा,
काका