हळदीचा ड्रम, पंपाचा शाफ्ट आणि पहिली नोकरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रकल्प म्हणून हळद पॉलिश करायचा ड्रम बनवला. व्यास ९०० मिमी, लांबी १२०० मिमी, भोवती जाळी, ४० मिमीचा शाफ्ट आणि दोन्ही टोकांना यूसीपी २०८ (४० मिमी शाफ्टचं, घरासकट येणारं) बेअरिंग. मोटर २ एचपी, १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे). तिच्यावरच्या ४ इंची पुलीवरून पट्टा ६ इंची पुलीवर आणि पुढे २०:१ चा वर्म (स्क्रूसारख्या दात्यांनी गती कमी करणारा) गिअरबॉक्स. ड्रम फिरतो, पण हळकुंडाला चकाकी येत नाही. शिवाय ड्रम एका बाजूला डुलतो आणि त्याच बाजूच्या बेअरिंगमधून खरखर येते. मोटर मोठी घ्यावी का?
— विद्यार्थी, वाळवा तालुका

उत्तर : मोटरला हात लावू नका. आधी ड्रमचे फेरे मोजा. १४४० ला दीडने भागले की ९६०, त्याला २० ने भागले की ४८. तुमचा ड्रम मिनिटाला ४८ फेरे घेतोय आणि खरी अडचण तिथेच आहे. फिरत्या ड्रममधला माल कोणत्या गतीला भिंतीला चिकटून राहतो याचं साधं सूत्र आहे: ४२.३ भागिले व्यासाचं वर्गमूळ, व्यास मीटरमध्ये. ०.९ चं वर्गमूळ ०.९४९, म्हणजे उत्तर आलं ४४.६ आरपीएम. तुम्ही त्याच्या वर आहात. बाहेरच्या थरातली हळकुंडं जाळीला चिकटून ड्रमबरोबरच फिरतात, घासतच नाहीत. चकाकी येते ती हळकुंड वर चढून खाली घरंगळतं, जाळीवर आणि एकमेकांवर घासतं तेव्हा. त्यासाठी या गतीच्या ६५ ते ७० टक्के, म्हणजे ३० च्या आसपास फेरे हवेत.

६ इंची पुली काढून १० इंची बसवा. १४४० भागिले २.५, भागिले २०, म्हणजे २८.८ आरपीएम. पट्टाही बदलावा लागेल. दोन पुल्यांच्या मध्यांतलं अंतर २० इंच असेल तर आधीच्या जोडीला साधारण ५६ इंच पट्टा लागत होता, आता ६२ च्या पुढे लागेल. मोटरच्या बेसला लांबट भोकं पाडा, म्हणजे ताण देता येतो. एक गोष्ट मात्र विसरू नका: फेरे कमी झाले की त्याच मोटरकडून ड्रमवर येणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १.६७ पट होतो. गिअरबॉक्स आणि पट्ट्यात मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली तर शाफ्टवर साधारण ३५० न्यूटन मीटर येतो. गिअरबॉक्सच्या कॅटलॉगमध्ये तेवढा टॉर्क आऊटपुटला चालतो का ते पाहा. ४० मिमी शाफ्टला १२ × ८ मिमीची चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवायची पट्टी) योग्य. पण चावीघर, म्हणजे ती खाच, सैल असेल तर रोज थोडं थोडं खात जातं आणि ऐन प्रात्यक्षिकाच्या दिवशी पुली शाफ्टवर नुसती फिरते.

आता डुलणं. ड्रमची तोंडाची प्लेट शाफ्टला वेल्ड करताना एका बाजूने सलग टाका मारत नेला असेल तर गार होताना ती प्लेट त्या बाजूला ओढली जाते. डायल गेज (डुलणं मिमीच्या शंभराव्या भागात दाखवणारं घड्याळ) लावा. आधी शाफ्टच्या बेअरिंगच्या जागेवर फिरवून पाहा, मग प्लेटच्या कडेवर. शाफ्ट सरळ आणि प्लेट वाकडी असेल तर टाके कापून पुन्हा बसवता येईल: समोरासमोर चार ठिकाणी टॅक (छोटे टाके), मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं पुरं करा. शाफ्टच वाकला असेल तर तो बदला. नवीन करताना बेअरिंगच्या जागेवर एक-दोन मिमी माल शिल्लक ठेवून आधी वेल्डिंग करा आणि त्या जागा नंतर लेथवर सेंटरमध्ये धरून फिनिश करा. एवढा लांब जॉब मावणारा लेथ कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत शोधावा लागेल. त्याची सोय आधीच करून ठेवा.

खरखरीचं कारण बहुधा वेगळं आहे, आणि ते बहुतेक गटांच्या लक्षात येत नाही. बेअरिंग बसवल्यावर ड्रमवर वेल्डिंग केलं आणि अर्थचा क्लॅम्प खालच्या फ्रेमला लावला, तर करंट ड्रममधून शाफ्टमध्ये, शाफ्टमधून बेअरिंगच्या गोळ्यांतून फ्रेममध्ये जातो. गोळी आणि रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती रिंग) जिथे टेकतात तिथे बारीक खड्डे पडतात. ते बेअरिंग ग्रीसने सुधारत नाही, काढून टाकायचं. यापुढे अर्थ टाक्याच्या शेजारीच, ड्रमवर लावा.

मालाचं सांगायचं तर ड्रम एक तृतीयांशच भरा. प्रत्येक घाण्याला आधीचं वजन, नंतरचं वजन, खाली पडलेली भुकटी आणि तुटलेली हळकुंडं वेगवेगळी तोला. १०, २० आणि ३० मिनिटांचा असा तक्ता अहवालात दिलात तर तो पन्नास पानांच्या सिद्धांतापेक्षा वजनदार ठरेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमच्या घाण्यात किती हळकुंडं मोडली हे इथला शेतकरी पहिल्यांदा विचारेल.

पट्ट्यावर गार्ड, स्टार्टरचा ओव्हरलोड मोटरच्या प्लेटवरच्या करंटला लावलेला आणि ड्रमचं दार उघडण्याआधी घालायची लॉकिंग पिन या तिन्ही गोष्टी हव्यातच. २०:१ चा वर्म आहे म्हणजे ड्रम उलटा फिरणार नाही असं धरून चालू नका.

प्रश्न : साताऱ्यात पदवी पूर्ण केली. डिझाइनमध्ये करिअर करायचं आहे. कॅडचे (संगणकावर ड्रॉइंग करायचे) दोन कोर्स झाले, प्रमाणपत्रं आहेत, पण मुलाखतीत मागे पडते. तिसरा कोर्स करू का?
— वाचक, सातारा

उत्तर : नको. तुम्हाला सॉफ्टवेअर येतं, आता एक खरी वस्तू ड्रॉइंगवर आणा. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून भंगारातला मोनोब्लॉक पंप (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेला) आणा. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून उभा आहे, त्यामुळे या भागात पंपांना तोटा नाही. पंप खोला, प्रत्येक भाग मायक्रोमीटरने मोजा आणि पूर्ण असेंब्ली, पार्ट ड्रॉइंग आणि बिल ऑफ मटेरिअल तयार करा.

तिथे काय बघायचं ते एका जागेवर दाखवतो. समजा शाफ्टवर ६२०५ बेअरिंग आहे: आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५. ड्रॉइंगवर नुसतं २५ लिहिलंत तर टर्नर विचारेल, किती प्लस, किती मायनस? आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते, म्हणून ती घट्ट हवी. शाफ्टला के६ (किती प्लस-मायनस चालेल याचा ठरलेला वर्ग) द्या, म्हणजे २५.००२ ते २५.०१५. बाहेरची रिंग स्थिर असते. तिच्या घराला एच७ (भोकासाठीचा तसाच वर्ग) द्या, म्हणजे ५२.००० ते ५२.०३०. शाफ्ट सैल झाला तर रिंग त्याच्यावर सरकत फिरते आणि जागा खाऊन टाकते. शिवाय शाफ्टच्या खांद्याजवळची गोलाई १ मिमीपेक्षा कमी ठेवा. ती मोठी झाली तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही, गोलाईवरच अडकून तिरकं बसतं. मुलाखत घेणारे असलंच विचारतात. एका पंपातून अशी आठ-दहा उत्तरं तुमच्या हाताखालून गेलेली असतील.

प्रश्न : कुपवाडला सीएनसी टर्निंगवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर) ऑपरेटर आहे. इंजिनिअर असून बटण दाबतो असं घरचे म्हणतात. सेटर-प्रोग्रॅमर (मशीन जुळवून प्रोग्रॅम लिहिणारा) व्हायचंय. शिवाय माझे जॉब मशीनवर मापात असतात आणि क्वालिटीत लहान निघतात. का?
— वाचक, मिरज

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधलंत की पहिल्याच्या निम्म्या वाटेवर आहात. चकमधून निघालेला जॉब गरम असतो. स्टील दर मीटरला दर अंशामागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ मिमी व्यासाचा जॉब खोलीपेक्षा २५ अंशांनी गरम असेल तर तो साधारण ७ मायक्रॉन मोठा दाखवतो. २५ मिमीच्या शाफ्टला जी६ वर्गात सगळी मुभाच १३ मायक्रॉनची आहे, निम्मी तिथेच गेली. जॉब गार करून मोजा, किंवा सुरुवातीला पाच-सहा जॉबांची गरम आणि गार मापं लिहून फरक काढा आणि ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) तेवढा धरून द्या. सकाळी मशीन थंड असताना आणि दुपारी तापल्यावर वेगळी मापं येतात, तीही नोंदवा.

पुढे फिनिशकडे बघा. फीड (दर फेऱ्याला टूल सरकतं ते अंतर) ०.२ मिमी आणि इन्सर्टचा नोज (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याच्या टोकाची गोलाई) ०.८ मिमी असेल तर खाचांची उंची फीडच्या वर्गाला नोजच्या आठपटीने भागून येते: ०.०४ भागिले ६.४, साधारण ६ मायक्रॉन. नोज ०.४ केलात तर ती दुप्पट होते. फिनिश बिघडला की आधी हे तपासा, मग मशीनला दोष द्या. २५ मिमीच्या जॉबला १८० मीटर कटिंग स्पीड म्हणजे २३०० च्या आसपास आरपीएम. अशी गणितं तोंडावर असणारा ऑपरेटर फार दिवस बटणावर राहत नाही. सेटरच्या सुट्टीच्या दिवशी 'जॉ (चकचे जॉब धरणारे जबडे) बदलून बघू का' असं स्वतःहून विचारा. घरच्यांचं म्हणणं मनावर घेऊ नका. मशीनवर काढलेली दोन वर्षं डिझाइनला गेलात तरी कामाला येतात.

प्रश्न : कराडचा आहे. गेटचा (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेचा) अभ्यास करावा की नोकरी धरावी? मुलाखतीची बोलावणीच येत नाहीत.
— वाचक, कराड

उत्तर : दोन्ही होईल. गेटची परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ सामान्य क्षमतेचे. गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे नोकरी करतानाही एखादा प्रयत्न करता येतो. सगळं सोडून दोन वर्षं घरी बसून अभ्यास करू नका.

बोलावणी येत नाहीत तोवर नॅट्सच्या (सरकारच्या अप्रेंटिस प्रशिक्षण योजनेच्या) पोर्टलवर पदवीधर अप्रेंटिस म्हणून नोंदणी करा. एक वर्षाची उमेदवारी, विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. अर्जावर 'मेहनती, संघभावना असलेला' हे खोडा आणि प्रकल्पाची एक ओळ लिहा: काय बनवलं, मूळ माप काय होतं, काय बदललं, नंतर काय झालं. वरच्या हळदीच्या गटाने '४८ वरून २८.८ आरपीएम, १० इंची पुली, तुटीचा तक्ता सोबत' एवढंच लिहिलं तरी कारखान्यातला माणूस वाचता वाचता थांबेल. अर्ज एका पानात बसवा आणि तक्त्याची प्रत मुलाखतीला बरोबर न्या.