ठाणे महापालिकेत महिलांना ५०% आरक्षण आहे, तर स्थायी समितीतही निम्म्या महिला असाव्याच लागतात का?

नाही, तशी सक्ती नाही. २०११ पासून महाराष्ट्रात पालिकांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ठाण्यात १३१ पैकी ६६. पण हे आरक्षण प्रभागातून निवडून येण्यापुरतं. स्थायी समितीत १६ सदस्य असतात, ते पक्षांच्या संख्याबळानुसार नेमले जातात आणि नावं गटनेता देतो. तिथे कोणाला पाठवायचं हा पक्षाचा प्रश्न. आणि खरी किल्ली तिथेच असते: मोठ्या निविदांची मंजुरी, आयुक्तांच्या अंदाजपत्रकाची पहिली छाननी. मी एका नगरसेविकेच्या कार्यालयात काही वर्षं काम केलं, त्यावरून सांगते. दारावर पाटी ताईंची, खाली मोबाईल नंबर साहेबांचा! (सगळीकडे असं नसतं, कित्येक जणी प्रशासनाला घाम फोडतात.)

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा:
- महापौरपद महिलेसाठी राखीव असेल की नाही, हे सोडतीवर ठरतं.
- खुल्या जागेवरूनही महिला लढू शकते, त्यामुळे सभागृहात ६६ पेक्षा जास्त महिला येऊ शकतात.

नवी मुंबईलाही हेच नियम, फक्त तिथे जागा १११.