समुद्राचं पाणी गोडं करून वाळवंट हिरवं का करत नाहीत?

तुम्ही विचारलंय, समुद्राचं पाणी गोडं करून वाळवंटात सोडलं आणि झाडं लावली तर काय बिघडेल? सुरुवातीला काहीच नाही. काही वर्षं झकास हिरवंगार दिसेल.

आधी वीज बघा. हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण 3-4 युनिट लागतात. तिथल्या उन्हात एकरभर पिकाला वर्षाकाठी मीटरभर पाणी सहज लागतं, म्हणजे 40 लाख लिटर. झाली 12 ते 16 हजार युनिटं, आणि पाणी किनाऱ्यापासून आत चढवायचा खर्च वेगळा. (आमच्या धुळ्याकडच्या रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर हा हिशेब मांडू नका.) मग जमिनीतलंच पाणी वापरलं तर? सौदी अरबने जमिनीखालचं हजारो वर्षांचं पाणी उपसून गहू पिकवला. ते खोल खोल गेलं आणि 2016 साली सरकारने देशी गव्हाची खरेदी थांबवली. जळगावच्या केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण खरी गोम मिठात आहे. गोडं केलेल्या लिटरभर पाण्यातही अर्धा ग्रॅम क्षार धरा, जिभेला कळणारही नाहीत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मीटरभर पाण्यामागे एकरी दोन टन! आमच्याकडे जास्त पाणी पाजलेल्या काळ्या रानात वाफ्यांवर पांढरी पापडी धरते, तरी पाऊस थोडंफार धुऊन नेतो. वाळवंटात धुणार कोण? म्हणून पाण्याच्या आधी निचऱ्याची सोय हवी. राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याने पिकं आणली हे खरं, पण हनुमानगडकडे निचऱ्याअभावी कितीतरी शेतं दलदल होऊन बसली.

झाडांचं म्हणाल, तर लावण्यापेक्षा राखणं जड. आफ्रिकेतल्या नायजरच्या शेतकऱ्यांनी जुन्या खोडांना फुटलेले कोंब सरसकट तोडायचं सोडलं, तर सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं उभी राहिली. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या लामकानी गावातही चर खोदले, पण डोंगर हिरवा झाला तो चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली म्हणून. आता ज्याच्या घरी शेळ्या आहेत त्याने चारा कुठून आणायचा? बंदी टिकते की मोडते ते याच्यावर ठरतं, आणि असल्या योजनांच्या आराखड्यात नेमका तोच रकाना कोरा असतो.

मला विचाराल तर पैसा वाळवंटाच्या कडेला घालावा, जिथे 300-400 मिलीमीटर तरी पाऊस पडतो. जैसलमेरच्या पुढे वाळू धरून ठेवण्यापुरतं सेवण गवत जगवलं तरी पुष्कळ झालं.