भाच्याच्या कंपनीत वीस लाख घालू का?

पत्र : वय ४६. उद्यमनगरात लेथ आणि दोन सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं) वर्कशॉप आहे. पुण्यातला भाचा सच्छिद्र टायटॅनियमचं इम्प्लांट बनवतोय. त्यातून अँटिबायोटिक थेट हाडापाशी सुटतं. २० लाख मागतो, तीन वर्षांत पाचपट होतील म्हणतो. नऊ वर्षांची पॉलिसी (हप्ता वर्षाला १.२० लाख, विमा १८ लाख) मोडली तर साडेआठ लाख येतात, बाकीचे सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) उचलेन. गेल्या वर्षी वडिलांच्या (वय ७४) बदललेल्या गुडघ्यात इन्फेक्शन झालं. दोन ऑपरेशनं झाली, साडेसहा लाख सीसीतूनच गेले. मेडिक्लेम नाही, पण पॉलिसीला आजारपणाचा रायडर (जोडून घेतलेलं जादा कलम) आहे. एजंट म्हणाला, हेच मेडिक्लेम समजा. पैसे घालावेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घालू नका. भाच्याकडे नंतर येतो, आधी तुमच्या घराचं बघू.

तो रायडर मेडिक्लेम नाही. तुम्ही सांगताय त्यावरून तो क्रिटिकल इलनेसचा, म्हणजे ठरावीक गंभीर आजारांचा असणार. पॉलिसीचे कागद काढून त्यातली यादी वाचा : कॅन्सर, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं, असे मोजके आजार. तेही तुम्हाला झाले तरच पैसे. वडिलांचा गुडघा, बायकोचा डेंग्यू, मुलाचा मोडलेला हात, यातलं काहीच त्यात बसत नाही. 'हेच मेडिक्लेम समजा' म्हणून हे विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो, कारण ते वाक्य खोटं आहे हे हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं.

वर्षाला १.२० लाख हप्ता लिहिलाय. म्हणजे भरले १०.८० लाख, हातात येणार साडेआठ. विमा किती, तर १८ लाख. महिना पन्नास हजार घरखर्च धरला तर तुमच्यामागे तीन वर्षं.

आणि सीसी. ती माल भरायला आणि बिलं सुटेपर्यंत दम धरायला असते. ११ टक्क्यांनी साडेसहा लाखांचं व्याज वर्षाला सत्तर हजारांच्या पुढे जातं आणि मुद्दल जागचं हलत नाही. उद्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीची मोठी ऑर्डर आली तर कामाला लागणारे धातूचे बार कशाने घेणार?

आधी एक कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) आणि तुम्ही, बायको, मुलगा अशा तिघांचा दहा लाखांचा फ्लोटर (तिघांत मिळून वापरायचा) मेडिक्लेम घ्या. दोन्ही मिळून ढोबळ पन्नास-साठ हजार, आजच्या हप्त्याच्या निम्मे. ही कागदपत्रं हातात आल्यावरच जुनी पॉलिसी मोडा. साडेसहा लाख सीसीत, दोन लाख एफडीत. वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड या आठवड्यात काढा : सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आई सत्तरीपुढची असेल तर तेच पाच लाख दोघांत.

आता भाचा. त्याचा विषय खरा आहे, आणि वडिलांचं दुखणं बघून तुम्हाला तो पटला यात नवल नाही. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात. शिरेतून दिलेलं औषध तिथे पुरेसं पोहोचत नाही. म्हणून हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायची पद्धत जर्मनीत १९७०च्या सुमारास सुरू झाली. सच्छिद्र टायटॅनियममध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची छिद्रं असतात, त्यांत हाड वाढून पकड घेतं. त्याच छिद्रांत औषध भरायचं, ही कल्पना. अडचण अशी की उघड्या छिद्रांतलं बरंचसं औषध पहिल्या काही तासांत-दिवसांत निघून जातं. मागे जे अपुरं झिरपत राहतं, त्याने जंतू मरायच्या ऐवजी औषधाला सरावण्याचा धोका असतो. भाच्याला एवढंच विचारा : चौदाव्या दिवशी किती औषध सुटतं, आणि ते कुठल्या लॅबने मोजलं?

औषध असलेलं इम्प्लांट २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत सर्वांत जोखमीच्या डी वर्गात येतं. प्रयोगशाळा, प्राणी, मग माणसांवरच्या चाचण्या, मग परवाना. तीन वर्षांत विक्री सुरू झाली तरी नशीब म्हणायचं. पाचपट म्हणजे दरसाल ७१ टक्के. त्यात गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७मध्येच मर्यादा घातली आहे. उद्या याच्यावर घातली तर?

भाच्याला मदत करायचीच असेल तर त्याचे नमुने आणि फिक्श्चर (काम पकडून ठेवायची साधनं) तुमच्या सीएनसीवर काढून द्या, पण रीतसर बिलाने आणि अर्धे पैसे आगाऊ घेऊन. सीसी शून्यावर आल्यावर, बुडाला तरी चालेल असा एखादा लाख उरला, तर तो शेअरचे कागद हातात घेऊन द्या. आणि बहिणीशी हे बोलणं आत्ताच करा, फोनवर नको, घरी जाऊन.