रोजच्या जगण्याचं एक वाक्य

प्रश्न : ताई, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला स्वतःचं मिशन स्टेटमेंट, म्हणजे आपण कशासाठी जगतो ते सांगणारं वाक्य, लिहायला लावलं. मी काहीतरी मोठ्ठं लिहिलं, "समाजासाठी प्रेरणादायी बनणे" वगैरे, पण घरी आल्यावर डबे, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, यात ते वाक्य कुठे बसवू तेच कळेना. सोडून देऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं सोडू नकोस, फक्त ते वाक्य बदल. तुझ्या वाक्यात तुझं घरच नाहीये ना, मग ते बसणार कुठे? शिवरायांची राजमुद्रा बघ, दोनच ओळी, पण शेवटी ही मुद्रा कशासाठी ते एका शब्दात सांगितलंय, 'भद्राय', म्हणजे लोकांच्या कल्याणासाठी. तसं तुझं 'कशासाठी' शोध. मागच्या आठवड्यात कुठल्या क्षणी वाटलं की हे मी नीट केलं, आणि कुठे चिडचिड करून नंतर वाईट वाटलं, ते आधी लिही, मला तर दुसरी यादीच जास्त कामाची वाटते कारण तिथे आपल्याला खरंच काय हवंय ते दिसतं. मग साधं लिही, "थकले असले तरी घरच्यांशी आवाज न चढवता बोलेन आणि रोज अर्धा तास माझा स्वतःचा ठेवेन."

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिननं 13 गुणांची यादी केली होती, पण तोही एका आठवड्यात एकाच गुणाकडे खास लक्ष द्यायचा, चुकलं की वहीत काळा ठिपका. तूही एकच धर. कागद फ्रीजवर लाव आणि महिन्याने न पटलेला शब्द बिनधास्त खोड.