लाल पट्ट्यावरचं स्टेशन आणि परवानगीची फाइल

तुम्ही लिहिलंय की गावामागच्या कड्यावरच्या चढाईच्या मार्गावर, पहिल्या टप्प्याच्या शेवटी खडकात बसवलेले जुने बोल्ट हाताने हलतात, आणि ते बदलायला अर्ज केला तर 'ही जागा आमच्याकडे येत नाही' म्हणून परत पाठवलं. आमच्या कड्याचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. दोर, गाठी, बिले (चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळणं) यावर काही सांगत नाही, ते तुम्हाला येतंच. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. सह्याद्रीत चढत आलो, जाणकारांना विचारत आलो, तेवढ्याच अधिकाराने बोलतोय.

तुमच्या फोटोत स्टेशनच्या, म्हणजे टप्प्याअखेर बोल्टना दोर बांधून थांबायच्या जागेच्या, पायाशी विटकरी पट्टा दिसतोय. दुखणं तिथंच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. दोन थरांच्या मधे जो काळ गेला त्यात खालच्या थराचा माथा ऊन-पावसाने कुजून लाल माती झाली, आणि वरून पुढचा लाव्हा आला. हा मऊ पट्टा झिजून आत जातो, कपार तयार होते, उभं राहायला ऐसपैस जागा मिळते. साहजिकच जुन्या मंडळींनी स्टेशन तिथंच मारलं. पण माती पाणी सहज खाली जाऊ देत नाही, त्यामुळे पावसाळा सरला तरी पाझर त्याच रेषेवर चालू राहतो. त्या ओलीत साधं लोखंड किती टिकणार? त्यावर कुणी नंतर स्टेनलेसचा हँगर (बोल्टवरची दोर अडकवायची पट्टी) चढवला असेल तर आणखी वाईट. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यातला कमी टिकाऊ, म्हणजे इथे साधं लोखंड, आणखी लवकर गंजतो.

पट्ट्याच्या लगेच खालचा खडकही फसवा असतो. लाव्ह्याच्या थराच्या माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक दिसतात. होल्ड (हातापायाला पकड) भरपूर, पण एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारा) आवळला की भोकाच्या कडा आतून चुरतात. अशा खडकात लांब, रसायनाने चिकटवलेला बोल्ट बरा, तोही भोक ब्रशने घासून आणि फुंकून पूर्ण साफ केलं तरच. आणि कपारीच्या छताच्या कडेला तर बोल्ट नकोच, त्याचा खालचा आधार झिजत चाललेला असतो.

थोडं वर चढून थराचा मधला भाग गाठा. काळसर, घट्ट, बारीक कणांचा. लाव्हा थंड होताना आकसतो, त्यातून उभ्या भेगा पडतात (अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे खांब आठवा). तिथे लटकून बिले द्यावा लागेल, गैरसोय होईल. होऊ द्या. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला एवढ्यावर मात्र विसंबू नका. चहूबाजूंनी भेगांनी सुटलेला मोठा ठोकळाही तसाच वाजू शकतो, म्हणून आधी भेगा कुठून कुठे जातात ते बघा. आणि जिथे फ्रेंड किंवा नट (भेगेत अडकवून नंतर काढून घ्यायची साधनं) नीट बसतो तिथे बोल्ट मारूच नये, हे माझं ठाम मत. इथल्या काहींना ते पटणार नाही.

आता परवानगी. आमचं खरं नुकसान त्या एका कार्यालयाने केलं, नाव घेत नाही. अर्ज जीर्ण बोल्ट बदलण्याचा होता, त्यांनी तो खोदकामाचा धरला. नकाशा मागितला, दिला. मग दुसऱ्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र मागितलं. दुसरीकडे म्हणाले, आधी त्यांच्याकडून लेखी आणा की जागा त्यांची नाही. ते लेखी द्यायला पहिले तयार नाहीत. फाइल फिरत राहिली, पावसाळा लागला, पुढचा हंगाम हातचा गेला, आणि त्या काळात बाहेरून येणारे लोक त्याच बोल्टवर लटकत राहिले. याचा मला आजही संताप येतो. सरळ नकार दिला असता तर वर दाद तरी मागता आली असती. कुणाच्या जिवाशी संबंधित कागद नुसता दाबून ठेवायचा, याला काय म्हणायचं?

म्हणून जाताना कड्याचा गट नंबर, सातबारा आणि गाव नकाशा घेऊनच जा. जमीन वनखात्याची निघाली तर वनखंडाचा क्रमांक अर्जात घाला. जवळ केंद्र-संरक्षित लेणी किंवा किल्ला असेल तर 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र लागतं, तिथे पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय ड्रिल काढू नका. स्टेशन वर सरकवणार असाल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा, 'दुरुस्ती' या शब्दामागे लपवू नका. प्रत्येक कागदावर आवक शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात 'अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा, त्याला 30 दिवसांची मुदत असते. ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं तर वजन पडतं, निदान आमच्याकडे पडलं. तुमच्याकडे रीत वेगळी असू शकते, खात्री करून घ्या.

तोवर तो मार्ग बंद ठेवा आणि पायथ्याला ठळक पाटी लावा. आसपासच्या क्लबांनाही कळवा, सगळेच इथे वाचत नाहीत.

आणखी एक. तुमच्या फोटोत उजवीकडच्या ओव्हरहँगखाली (पुढे झुकलेल्या खडकाखाली) अर्धगोल काळे डाग दिसताहेत. ती आग्या मोहोळाची जुनी जागा असावी, त्या माश्या वर्षानुवर्षं त्याच कड्यावर परततात. ड्रिलचा आवाज तिथे अजिबात नको.

लाल पट्ट्याचा बाजूने काढलेला एक फोटो टाका. छत किती पुढे आलंय ते दिसलं की स्टेशन किती वर घ्यायचं यावर नेमकं बोलता येईल.